आकाशातला तोच तो ठिपका

डोंगररांगेचा एक पॅनोरमा जोडत होते. डावीकडून उजवीकडे टिपलेल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बेमालूम सांधल्या, कडे सलग उमटले, क्षितिज सरळ आलं, आणि वरच्या निळ्या आकाशात करड्या ठिपक्यांची एक रांग लागली. सगळे एकाच उंचीवर, जवळपास सारख्या अंतरावर. पक्षी इतके शिस्तीत उडत नाहीत. सुटी फ्रेम बघताना हा ठिपका कधी ढगाच्या कडेशी मिसळायचा, कधी झाडाच्या शेंड्यात हरवायचा. फ्रेम शेजारी शेजारी आल्यावर मात्र त्याला लपायला जागा उरली नाही.

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, धूळ बसली असणार हे तेव्हाच कळलं होतं. तरीही कॅमेऱ्याच्या पोटात हात घालण्याआधी खात्री करून घ्यायची होती. या कामात वेळ जातो तो शोधण्यात आणि तपासण्यात. प्रत्यक्ष पुसणं काही सेकंदांत होतं. शोधण्याचा कंटाळा केला की माणूस नको तिथे पुसत बसतो.

पहिला संशय लेन्सवर. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण फोटोत असा नेटका ठिपका होऊन सहसा येत नाही. तो फोकसपासून इतका लांब असतो की त्याची सावली चित्रभर पसरून विरते, फार तर कॉन्ट्रास्ट किंचित उतरतो. लेन्स बदलून पाहिली, ठिपका जागच्या जागी. झूम पुढेमागे केली, तरी तो हलला नाही. व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर तिथे तो नव्हताच, आणि ते बरोबरच होतं. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमध्ये आपण आरशावरून वर गेलेला प्रकाश बघतो; सेन्सर त्या वाटेवर येत नाही. उलट व्ह्यूफाइंडरमध्ये जो कचरा दिसतो तो बहुतेक वेळा आरशाच्या वरच्या फोकसिंग स्क्रीनवर असतो आणि फोटोत उतरत नाही. त्याच्या मागे लागू नये. ती स्क्रीन बहुधा मऊ प्लास्टिकची असते आणि नुसत्या फडक्यानेही तिच्यावर ओरखडे उठतात.

मग जुने फोटो काढून बसले. ज्यांना लगेच सेन्सर पुसायचा स्वॅब हातात घ्यावासा वाटतो त्यांनी आधी हे जरूर करावं, कारण प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ आणि अ‍ॅपर्चर नोंदलेलं असतं आणि ही नोंद फार बोलकी असते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफपुढचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान. एफ १६ वर काढलेल्या निसर्गचित्रांत ठिपका ठळक होता. एफ ८ वर तो फिकट आणि थोडा मोठा. एफ २.८ वर काढलेल्या व्यक्तिचित्रांत त्याचा मागमूस नव्हता, अगदी त्याच दिवशी काढलेल्या फोटोंतही. मागे मागे जात तो पहिल्यांदा कुठल्या फोटोत दिसतो ते सापडलं. त्यानंतर तो एकदाही जागेवरून सरकला नव्हता. सोबतचे दोन-तीन बारीक ठिपके मात्र येत-जात होते, कधी या कोपऱ्यात, कधी त्या. म्हणजे काही धूळ सुटी होती आणि एक कण चिकटून बसला होता. सुट्या धुळीला हवेचा झोत पुरतो, चिकटलेल्या कणाला पुरेलच असं नाही. पुढे काय काय करावं लागणार याचा अंदाज कॅमेऱ्याची लेन्स काढायच्या आधीच आला होता.

अ‍ॅपर्चर बदललं की ठिपका का बदलतो, हे एकदा नीट समजून घेतलं की बरीच भीतीही जाते. धूळ खुद्द सेन्सरवर बसत नाही. प्रकाश टिपणाऱ्या पिक्सेलांच्या पुढे काच असते, इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रतिमा अगदी किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टरही असतो. धूळ या थराच्या पुढच्या पृष्ठभागावर बसते, पिक्सेलांपासून थोडी वर. फोटोत दिसतो तो कण नसून त्याची पडलेली सावली असते. कडक उन्हात सावली रेखीव पडते आणि ढगाळ दिवशी विरून जाते, तसंच इथे होतं. अ‍ॅपर्चर लहान असेल तर प्रकाश निमुळत्या शंकूने येतो आणि सावली घट्ट पडते. अ‍ॅपर्चर मोठं असेल तर तो सगळ्या बाजूंनी येतो आणि सावली पसरून जाते.

आकड्यांत बघायचं तर सोयीसाठी धरू की धूळ पिक्सेलांपासून १ मिमी वर आहे, आणि काचेतून जाताना प्रकाश वळतो ते सोडून देऊ. एफ २२ ला त्या उंचीवर प्रकाशाच्या शंकूची जाडी १ मिमीचा बाविसावा भाग, म्हणजे सुमारे ४५ मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एफ २.८ ला तीच साधारण ३५७ मायक्रॉन होते. आता ५० मायक्रॉनचा एक कण घ्या. एफ २२ ला तो अख्खा शंकू अडवतो आणि खाली काळा ठिपका पडतो. एफ २.८ ला तोच कण शंकूचा जेमतेम २ टक्के भाग झाकतो. एवढा फरक आकाशात कुणाला दिसणार? माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा, २४ मेगापिक्सेलचा. त्याचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉन रुंद आहे. म्हणजे ५० मायक्रॉनचा कण फोटोत आठ-नऊ पिक्सेल रुंदीचा डाग पाडू शकतो, आणि सपाट निळ्या पार्श्वभूमीवर तो डोळ्यात खुपतो.

फिल्मवर काम केलेल्या लोकांना या प्रकरणाचं जरा हसू येतं. तिथे प्रत्येक फोटोला नवा कोरा तुकडा पुढे यायचा. एखादा कण बसलाच तर तो फिल्मसोबत पुढे निघून जायचा. डिजिटलमध्ये तोच पृष्ठभाग हजारो फोटो झेलतो. लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांना हे दुखणं जन्मापासूनचं आहे.

चाचणीचा फोटो काढायची रीत साधी आहे, पण तिच्यात घाई करू नये. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ १६, आयएसओ १००, ऑटोफोकस बंद. संगणकाच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं, लेन्स पडद्याजवळ नेली आणि फोकस अनंतावर ठेवला, म्हणजे पडद्याची स्वतःची जाळी आणि त्यावरची धूळ दोन्ही धूसर होतात. एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे प्रकाश दुप्पट, नाहीतर कॅमेरा पांढऱ्याला करडं करून टाकतो. शटर मंद पडतो ते चांगलंच. तो उघडा असताना कॅमेरा मुद्दाम थोडा हलवायचा. पडद्यावरचं जे काही असेल ते हलून पुसट होतं, आणि सेन्सरवरचं कॅमेऱ्यासोबतच हलत असल्यामुळे जागेवर राहतं. पुढे संगणकावर कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवायचा. त्यानंतर जे दिसतं त्याने पहिल्यांदा छातीत धस्स होतं. कॅमेरा इतका घाण आहे यावर विश्वास बसत नाही. पण हा ताणलेला कॉन्ट्रास्ट आहे, नेहमीच्या फोटोत यातलं बरंचसं दिसणार नाही, हे स्वतःला बजावावं लागतं.

अनेकजण ही चाचणी एफ २२ वर करायला सांगतात. मला ते पटत नाही. एफ २२ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळेच, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरतो त्यामुळेच, प्रतिमा मऊ होते. हिरव्या प्रकाशाच्या एका बिंदूचा ठसा तिथे जवळपास ३० मायक्रॉनचा होतो, म्हणजे माझ्या पाच पिक्सेलांएवढा. त्या अ‍ॅपर्चरला मी फोटो क्वचितच काढते. जे कण फक्त तिथेच दिसतात त्यांच्यासाठी सेन्सरला हात लावणं मला जोखमीचं वाटतं. एफ १६ ला जे दिसतं ते खरं, असं मी धरून चालते.

चाचणीच्या फोटोवर ठिपके मोजण्यापेक्षा त्यांचे आकार बघावेत. धुळीचा कण ओबडधोबड आणि कडेला मऊ दिसतो. कपड्याचा धागा वाकड्या रेघेसारखा उमटतो. वंगणाचा किंवा दमटपणाचा डाग बहुतेकदा गोल असतो, कड गडद आणि मध्य उजळ. वंगण उडणं ही काही कल्पित गोष्ट नाही. २०१२ साली आलेल्या निकॉन डी ६०० च्या सेन्सरवर ठिपके जमण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीने पुढे २०१४ मध्ये तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याचं काम वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत करून दिलं. असे डाग हवेने उडत नाहीत. माझा चिकटलेला ठिपका ओबडधोबड होता, बहुधा परागकण किंवा ओलसर हवेत बसून वाळलेली धूळ.

आता ठिपक्याची जागा. इथे जवळपास सगळ्यांचा गोंधळ होतो. लेन्स सेन्सरवर प्रतिमा उलटी पाडते, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. पण आपण सेन्सरकडे समोरून बघतो, म्हणजे डावं-उजवं आणखी एकदा उलटतं आणि सुलट होऊन बसतं. राहतं ते फक्त वर-खाली. फोटोत ठिपका डावीकडे वरती दिसत असेल तर समोरून बघताना तो सेन्सरच्या डावीकडे खालती सापडेल, अर्थात कॅमेरा सरळ उभा धरलेला असेल तर. मी कागदावर एक चौकट आखून त्यात जागा खुणावून ठेवली. उघड्या कॅमेऱ्यासमोर बसून हे गणित डोक्यात करायचं म्हणजे कॅमेरा तेवढा वेळ उघडा राहणार, आणि आत आणखी धूळ शिरणार.

सुरुवात कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सफाईपासून केली. सेन्सरपुढचा फिल्टर अतिवेगाने थरथरवून धूळ झटकायची ही युक्ती ऑलिम्पसने २००३ च्या ई-१ मध्ये आणली, आणि पुढच्या काही वर्षांत कॅनन, सोनी, पेंटॅक्स, निकॉन सगळ्यांनी आपापल्या परीने उचलली. कॅमेरा टेबलावर सरळ बसवून ती चालवावी, म्हणजे झटकलेली धूळ खाली पडते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती धरून ठेवायला खाली चिकट पट्टी असते. मेन्यूत जाऊन ती काही वेळा चालवली. एक-दोन बारीक ठिपके गेले, मुख्य तसाच.

मग ब्लोअर. हा रबरी फुगा जरा मोठा आणि चांगला असावा. छोट्या ब्रशला जोडलेल्या लहान फुग्यात दम नसतो. खोलीतला पंखा बंद केला, टेबल ओल्या फडक्याने पुसून वाळू दिलं. लोकरी किंवा सिंथेटिक बाह्यांचा कपडा घालून बसू नये, धागे आणि स्थिर वीज दोन्हींचा ताप होतो. ब्लोअर आधी बाजूला धरून चार-पाच वेळा दाबला, त्याच्या पोटातली धूळ बाहेर जायला. लेन्स काढली आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली करून, आरसा अजून खालीच असताना, आतल्या कप्प्यात हवा मारली. ही पायरी बहुतेकजण गाळतात. आरशाभोवतीच्या त्या कप्प्यात भरपूर धूळ साठलेली असते. आरसा वर करून थेट सेन्सरवर फुंकायला गेलं तर हीच धूळ उडून सेन्सरवर जाऊन बसते, आणि मग साफ केल्यावर ठिपके वाढले कसे याचं कोडं पडतं.

आरसा वर करण्यासाठी मेन्यूतला सफाईचाच पर्याय वापरायचा, आणि बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मध्येच बॅटरी संपली तर आरसा आणि शटर खाली येतात आणि आत जे काही असेल त्यावर आपटतात. म्हणूनच काही कॅमेरे बॅटरी कमी असताना हा पर्याय देतच नाहीत. बल्ब मोडवर शटर उघडं ठेवून साफ करण्याची क्लृप्ती कुणी सुचवली तर ऐकू नये. बटणावरचं बोट सुटलं की पडदा मिटतो. शिवाय सेन्सर त्या वेळी चालू असतो आणि धूळ ओढून घ्यायला तेवढं कारण पुरतं. मिररलेस कॅमेऱ्यात आरशाची भानगड नाही, लेन्स काढली की सेन्सर समोरच. पण त्यामुळेच तो जास्त उघडाही पडतो. कॅमेरा बंद केल्यावर काही मॉडेलांत शटर मिटून सेन्सर झाकला जातो. तिथे सफाईपूर्वी तो उघडा ठेवण्याचा पर्याय शोधावा लागतो. शटरचे पडदे अगदी पातळ असतात, त्यांच्यावर जवळून हवेचा झोत मारणं बरं नाही.

तोंड खालीच ठेवून, ब्लोअरची नळी माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, आत न नेता, सरळ वर जोरात फुंकत गेले. नळीचं टोक सेन्सरला लागलं तर त्याचा ओरखडा कायमचा. तोंडाने फुंकायचा मोह होतो, पण फुंकरीसोबत थुंकीचे बारीक तुषार जातात, आणि ते वाळले की हवेने निघत नाहीत. दाबाखाली भरलेल्या हवेचे डबे मिळतात तेही नकोत. डबा जरा तिरका झाला तरी आतला द्रव बाहेर उडतो, गार फवाऱ्याचा डाग पडतो, आणि झोतही या कामाला फार जोराचा असतो.

पुन्हा चाचणी. इथे कॅमेऱ्याचं ऐकायचं, डोळ्यांचं नाही. पिक्सेलभर रुंदीचा कण नुसत्या डोळ्यांना सेन्सरवर दिसत नाही. दिव्याचं भिंग लावलं तर मोठे दिसतात, बारीक तेव्हाही निसटतात. चाचणीच्या फोटोत सगळे सुटे ठिपके गेले होते. मात्र एका कोपऱ्यात एक नवा आला होता. पुन्हा हवा मारल्यावर तो गेला. खुणावलेला मुख्य ठिपका तसूभरही हलला नव्हता.

इथे थांबून विचार केला, आणि प्रत्येकाने करावा. एक ठिपका फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या हीलिंग टूलने दोन क्लिकमध्ये जातो. फोटो लाइटरूममध्ये उघडला तर एका ठिकाणची दुरुस्ती शेकडो फोटोंना एकदम लावताही येते, कारण ठिपक्याची जागा बदलत नाही. कॅनन आणि निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत कोऱ्या पृष्ठभागाचा संदर्भ-फोटो घेऊन नंतर त्यांच्याच सॉफ्टवेअरने धूळ पुसायची सोय आहे. ठिपका कडेला असता आणि मी बहुतेक वेळ एफ ४ च्या आसपास काम करत असते तर मी त्याला हात लावला नसता. पण तो आकाशाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, अगदी मोक्याच्या जागी होता. शिवाय टाइम-लॅप्समध्ये, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेल्या फोटोंच्या चित्रफितीत, ढग सरकतात आणि ठिपका अडून बसतो, तो काढणं कंटाळवाणं असतं. बारीक पोत असलेल्या जागी हीलिंग टूल नेहमी इमानदारीने वागतही नाही.

दुसरा पर्याय सर्व्हिस सेंटरचा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या पुस्तिका बहुधा हेच सांगतात: ब्लोअरपर्यंत तुम्ही, पुढचं आमच्यावर सोडा. हात थरथरत असतील, कॅमेरा वॉरंटीत असेल किंवा नुसती धास्ती वाटत असेल तर हाच मार्ग धरावा, त्यात कमीपणा नाही. ओल्या स्वॅबने झालेलं नुकसान वॉरंटीत बसेल अशी आशा ठेवू नये. मी स्वतः करायचं ठरवलं, कारण लेन्स सतत बदलत असल्यामुळे हे काम पुन्हा पुन्हा निघणार हे दिसत होतं.

स्वॅब म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या दांडीवर न झडणारं कापड ताणून बसवलेला तुकडा, सीलबंद पाकिटात. त्याची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी लागते: ३६ बाय २४ च्या सेन्सरला २४ मिमीचा, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला १६ मिमीचा. असं असलं की एका फेरीत अख्खा सेन्सर पुसला जातो आणि मध्ये जोडाची रेघ राहत नाही. घरी असलेले कापसाचे बोळे, चष्म्याचं फडकं, टिश्यू यातलं काहीही चालत नाही; ते धागे सोडतात किंवा आधीची घाण घेऊन येतात. द्रवही याच कामासाठी बनवलेला, बहुधा मिथेनॉलचा. तो लगेच उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही, म्हणून तो. लेन्स पुसायच्या द्रवात पाणी आणि साबणासारखं काहीबाही असतं, त्याचे पट्टे राहतात. मिथेनॉल विषारी आहे आणि पेट घेतं. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही, आणि बाटलीचं झाकण थेंब टाकल्याबरोबर घट्ट.

स्वॅबच्या कडेवर दोन थेंब टाकले आणि ते कापडात मुरेपर्यंत थांबले. टपटपणारा ओला स्वॅब आत न्यायचा नाही. जास्तीचा द्रव सेन्सरच्या कडेच्या फटीत उतरतो आणि तिथली घाण घेऊन परत येतो. कॅमेरा या वेळी पाठीवर, तोंड वर. सेन्सरच्या डाव्या टोकाला स्वॅबची कड टेकवली, दांडी ओढण्याच्या दिशेला जराशी कलती केली आणि उजव्या टोकापर्यंत एका दमात ओढली. दाब किती, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. दांडी किंचित लवते एवढा. पूर्ण अलगद नेली तर कापड मध्ये उचललं जातं आणि पट्टे पडतात, जोराने दाबली तर कोटिंगची काळजी. आपण पुसतो आहोत ती कडक फिल्टरची काच आहे, खुद्द सेन्सर नाही, हे आठवलं की हात स्थिर राहतो. टोकाला पोचल्यावर स्वॅब उचलला, उलटून दुसरी बाजू टेकवली आणि तसाच परत आणला. झालं. तो स्वॅब कचऱ्यात. दोन्ही बाजू वापरून झाल्या, आता त्याच्यावर काय चिकटलंय ते माहीत नाही. एखादा कडक कण असेल तर तिसऱ्या फेरीत तोच काचेवर घासला जाईल. स्वॅब वाचवण्याच्या नादात काच गमावण्यात काही अर्थ नाही.

बॉडीतच स्थिरीकरण असलेल्या कॅमेऱ्यांत सेन्सर तरंगता असतो आणि स्वॅब टेकवला की तो थोडा सरकल्यासारखा वाटतो. काही मॉडेलांत सफाईच्या पर्यायात तो घट्ट धरला जातो, काहींत नाही. अशा कॅमेऱ्यात हात आणखी हलका हवा आणि पुस्तिका आधी वाचलेली हवी.

कॅमेरा बंद केला, आरसा खाली आला, लेन्स चढवली, चाचणी. मुख्य ठिपका गेला होता. खरं सांगायचं तर पडद्यावर ती मोकळी जागा दोनदा मोठी करून पाहिली. मात्र उजव्या कडेला, स्वॅब उचलला त्या जागी, एक पुसट उभा पट्टा उमटला होता. ओल्या सफाईत हे नेहमीचंच आहे. द्रव आणि त्याने ओढून आणलेली घाण शेवटच्या कडेला जमते आणि तिथेच वाळते. नवा स्वॅब घेतला, या वेळी एकच थेंब, म्हणजे जवळजवळ कोरडाच, आणि सुरुवात उजवीकडून केली. पट्टा गेला.

एफ १६ ला आता फक्त खालच्या कोपऱ्यात एक फिकट खूण दिसत होती, तीही कॉन्ट्रास्ट ताणल्यावर. कोपऱ्यांत स्वॅब नीट पोचत नाही, तिथे नेहमी काहीतरी राहतं. ती खूण नेहमीच्या फोटोत दिसते का ते बघायला एफ ११ ला बाहेरचं आकाश टिपलं. नाही दिसली. तिथे हात थांबवला. आणखी एक स्वॅब, आणखी एक फेरी असं करत गेलं की प्रत्येक वेळी काही नवं आत जातं आणि काम संपतच नाही. हे व्यसन लागलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे सेन्सर लख्ख असतात आणि फोटो काढायला दिवस उरत नाही.

चिकट टोकाच्या जेलच्या काड्याही मिळतात. त्या कणावर टेकवून कण उचलून घ्यायचा असतो. सुट्या, हट्टी कणासाठी त्या उपयोगी आहेत, पण वंगणाच्या डागावर चालत नाहीत. शिवाय प्रत्येक काडी प्रत्येक कंपनीच्या सेन्सरच्या कोटिंगला मानवेलच असं नाही, म्हणून आपल्या मॉडेलसाठी आहे का ते बघूनच घ्यावी. स्थिर विजेवर धूळ ओढणारे ब्रशही असतात. त्यांची अडचण वेगळी. ब्रश एकदा आरशाच्या कप्प्याच्या कडेला लागला आणि तिथलं वंगण केसांना चिकटलं, की पुढच्या फटकाऱ्यात ते अख्ख्या सेन्सरवर पसरतं. मी दोन्हींच्या वाटेला गेले नाही.

ही धूळ आत येते कुठून याचा शोध सेन्सर साफ केल्यावर घेतला, आणि उत्तर बॅगेतच मिळालं. लेन्सच्या मागच्या टोप्या आणि बॉडीची टोपी. लेन्स बदलताना या टोप्या खिशात जातात, खिशातले धागे आणि कचरा घेऊन परत लेन्सच्या मागे बसतात, आणि तिथून थेट कॅमेऱ्यात. टोप्या धुऊन पूर्ण वाळवल्या. बॅगेचे कप्पे व्हॅक्यूम क्लीनरने साफ केले. लेन्सची मागची काच आणि धातूचा माउंट आता लेन्स चढवण्याआधी ब्लोअरने फुंकून घेते. लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, आणि चढवायची लेन्स आधीच टोपी सैल करून हाताशी. झूम लेन्स पुढे-मागे होताना हवा आत-बाहेर ओढतात, त्या हवेसोबत धूळही येते. त्याला इलाज नाही.

उरलेले स्वॅब सीलबंदच ठेवले आहेत. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा शोषलेल्या द्रवाचे काचेवर पट्टे राहतात, म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ती उभी आणि कुलपात ठेवली आहे.